ससा घरी आणण्यापूर्वी : सशाची काळजी कशी घ्यावी?



परिसर अभ्यासात पाळीव प्राण्यांचा घटक झाला की पुढचे चार दिवस वर्गात एकच विषय चालतो, 'बाई, आमच्या घरी पण प्राणी आणायचाय.' कुत्रा सोसायटीत चालत नाही, मांजर आजीला चालत नाही, पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. मग गाडी सशावर येऊन थांबते. ससा भुंकत नाही, दूध मागत नाही, शाकाहारी आहे, फार जागा लागत नाही आणि स्वस्तात मिळतो. आठवडी बाजारात किंवा जत्रेत जाळीच्या पिंजऱ्यात कापसाच्या गोळ्यासारखी पिल्लं बसलेली दिसतात आणि मूल तिथून हलायचं नाव घेत नाही.

यातली कितीतरी पिल्लं घरी आल्यावर महिनाभरही जगत नाहीत. घरचे म्हणतात, 'नाजूकच होतं हो ते.' ससा नाजूक आहे हे खरंच. पण बहुतेक वेळा तो जातो चुकीच्या खाण्याने, उन्हाने, आंघोळीने किंवा हातातून पडल्याने. नीट सांभाळलेला ससा ८ ते १० वर्षं जगतो. म्हणजे आज दुसरीतल्या मुलासाठी आणलेला ससा त्या मुलाच्या दहावीच्या परीक्षेपर्यंत घरात असणार. हा हिशेब ससा आणण्याआधी करायचा आहे.

ससा सोपा वाटतो कारण तो गप्प असतो. आणि खरी अडचण नेमकी तीच आहे. रानात कोल्हा, रानमांजर, गरुड सगळेच ज्याच्या मागे लागलेले, त्या प्राण्याने 'मला बरं नाही' असं दाखवलं तर पहिला तोच मारला जाईल. म्हणून ससा दुखणं लपवतो. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडते. ससा फक्त कोपऱ्यात बसून राहतो. आपल्याला वाटतं, शहाणा आहे, शांत बसलाय. तो न बोलता काय सांगतो ते ओळखायला शिकणं, हीच सशाची निम्मी काळजी.

आधी ससा ओळखू या

मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव देतो. शेतात, माळरानावर दिसणारा तपकिरी, लांब पायांचा तो रानससा. बाजारात मिळणारा पांढरा, काळा, ठिपक्यांचा ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळात राहणाऱ्या सशांपासून माणसाने तयार केलेला. दोघांची पिल्लंसुद्धा होत नाहीत एकमेकांपासून. रानसशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, उघड्या जमिनीवर जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं उघडी, आंधळी असतात, डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. वर्गात सांगायला हा फरक छान आहे, मुलं विसरत नाहीत.

दुसरं म्हणजे रानससा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या काढणीला शेतात पिल्लू सापडतं आणि मुलं ते 'आईने टाकलंय' म्हणून उचलून आणतात. आईने टाकलेलं नसतं. रानससाची मादी पिल्लाजवळ दिवसभर बसत नाही, एक-दोन वेळाच येऊन दूध पाजते आणि निघून जाते, म्हणजे तिच्या वासाने शिकारी पिल्लापर्यंत पोचत नाही. असं पिल्लू जिथे सापडलं तिथेच, जवळच्या झुडपाच्या आडोशाला ठेवावं. खेड्यावरच्या शाळेतल्या शिक्षकांनी हे सुगीच्या आधी वर्गात जरूर सांगावं.

पाळीव ससा घेताना पिल्लाचं वय विचारा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू पोटाच्या विकाराने पटकन जातं. विकणारा मात्र शक्यतो लहानातलं लहान पिल्लू पुढे करतो, कारण तेच गोंडस दिसतं. मुठीत मावणारं पिल्लू घेऊ नका. आणि 'हा एवढाच राहतो' यावरही विश्वास ठेवू नका. लाल डोळ्यांचा पांढरा ससा पुढे तीन-चार किलोचा सहज होतो. (लाल डोळे हा आजार नाही. त्यांच्यात रंगद्रव्य नसतं म्हणून रक्ताचा रंग दिसतो.)

खाणं : गवत, गवत आणि गवत

सशाचं पोट जात्यासारखं आहे. वरून घास पडत राहिला तरच ते फिरतं. थांबलं की पुन्हा सुरू करणं फार अवघड. गवतातले जाड धागे हे जातं फिरवत ठेवतात. त्यातून सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे, मागे यायला वाट नाही.

दातांचंही तसंच. आपले दुधाचे दात पडतात, पक्के येतात आणि वाढ थांबते. सशाचे दात, पुढचे आणि दाढा दोन्ही, जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर वाढतात. ते झिजतात गवत चघळून. मऊ खाणं दिलं तर दाढांना टोकं येतात, ती गालात-जिभेत रुततात आणि ससा खायचं सोडतो. म्हणजे पोट आणि दात, दोन्हींचं औषध एकच.

तर रोजच्या खाण्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग गवताचा हवा. वाळलेलं गवत चोवीस तास समोर असलं पाहिजे, त्यात 'जेवणाची वेळ' नाही. शहरात पेट शॉपमध्ये गवताची पाकिटं मिळतात, पण महाग पडतात. गावाकडे ओळखीच्या शेतकऱ्याकडून मारवेलसारखं वाळवलेलं गवत पोतंभर आणून ठेवलं तर महिनोन्‌महिने पुरतं. गवत हिरवट, कोरडं आणि चांगल्या वासाचं हवं. काळपट, बुरशीचा वास येणारं अजिबात नको. पावसाळ्यात पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. ताजी हरळी, म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वा, सशाला फार आवडतात. फक्त त्या रस्त्याकडेच्या, तणनाशक मारलेल्या बांधावरच्या किंवा कुत्री फिरतात तिथल्या नकोत.

लसूणघास बऱ्याच ठिकाणी सहज मिळतो आणि ससे तो आवडीने खातात. वाढीच्या पिल्लांना चालतो. मोठ्या सशाला मात्र रोज भरपूर देऊ नये, त्यात कॅल्शियम जास्त असतं आणि सशाच्या लघवीत खडे होऊ शकतात. ज्वारीचे कोवळे पोंगे तर टाळाच; ते गुराढोरांनाही बाधतात हे शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको.

भाज्यांपैकी कोथिंबीर, पुदिना, गाजराचा आणि मुळ्याचा पाला, थोडी मेथी चालते. मूठ-दोन मुठी, धुऊन, पाणी निथळून. पालक आणि कोबी क्वचित. नवी भाजी एकदम द्यायची नाही; एक पान आज, दोन उद्या, असं आठवडाभर बघत जायचं. कांदा, लसूण, बटाटा, पोळी, भात, बिस्किट, फरसाण, चॉकलेट हे काहीही नाही. आजी-आजोबांना हे समजावणं सर्वांत कठीण जातं, कारण ससा बिस्किट मागून खातो! लहान मूलही मागतंच की.

आता गाजर. वर्गातल्या तक्त्यावर, अंकलिपीत, चित्रकलेच्या वहीत, सगळीकडे सशाच्या हातात गाजर. ही सवय आपल्याला लावली ती बऱ्याच अंशी १९४०मध्ये पडद्यावर आलेल्या बग्ज बनी या कार्टूनने. खरा ससा जमीन उकरून कंद खात बसत नाही, तो पाला खातो. गाजरात साखर भरपूर. सशासाठी गाजर म्हणजे आपल्यासाठी गुलाबजाम. दोन पातळ चकत्या, तेही आठवड्यातून एखाद-दोनदा. केळं, सफरचंद यांनाही हाच नियम. माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे ससा होता. घरात सगळे लाड करायचे, दिवसातून दोन-तीन गाजरं, वर दूधपोळी. गवत कुणी दिलंच नाही, कारण ससा ते मागत नव्हता. तिसऱ्या आठवड्यात त्याला पातळ हागवण लागली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मुलगी मला विचारत होती, 'बाई, आम्ही तर त्याला सगळं चांगलं-चांगलंच दिलं ना?' दिलं होतं खरं. आपल्याला जे चांगलं वाटतं ते दिलं होतं.

दुकानात मिळणारा गोळी खुराक मोठ्या सशाला दिवसाला दोन-तीन चमचे पुरे. रंगीत दाणे, मका, बिया मिसळलेला खुराक घेऊच नका. पाणी जड मातीच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्यात द्या. बाटलीपेक्षा ससा वाडग्यातून जास्त पाणी पितो.

लेंड्या मोजायला शिका

हे वाचून नाक मुरडू नका. मुका प्राणी काय सांगतो ते इथे कळतं. धडधाकट सशाच्या लेंड्या गोल, कोरड्या, साधारण एकसारख्या आकाराच्या असतात आणि दिवसाला शे-दोनशे तरी पडतात. त्या लहान झाल्या, केसांच्या माळेत गुंफल्यासारख्या आल्या किंवा कमी झाल्या, तर पोट मंदावलंय. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठायचा. एका दिवसाच्या उशिराने ससा हातचा जातो.

एक गोष्ट पाहून मात्र घाबरू नका. पहाटे किंवा रात्री ससा मागे वाकून मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारखी लेंडी तिथल्या तिथे खाऊन टाकतो. मुलं 'शी!' म्हणतात. पण गाय खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून रवंथ करते, तसाच हा सशाचा मार्ग. पहिल्या फेरीत न मिळालेली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं तो दुसऱ्या फेरीत मिळवतो.

आठवड्यातून एकदा किराणा मोजायच्या काट्यावर टोपलीत बसवून वजन घ्या. चौथी-पाचवीच्या मुलाला टोपलीचं वजन वजा करून सशाचं वजन काढायला आणि आलेख करायला सांगा. गणिताचा सरावही होतो आणि रेषा खाली येऊ लागली की, ससा कितीही टुणटुणीत दिसला तरी, काहीतरी बिघडलंय हे आधी कळतं.

ऊन आणि आंघोळ

आपल्याकडे सशाचा सर्वांत मोठा शत्रू कुत्रा किंवा मांजर नाही, एप्रिल-मे महिना आहे. सशाला घाम येत नाही. अंगावर लोकरीसारखी केसाळी आणि उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः दोन कान. त्याला १५ ते २० अंशांच्या आसपास बरं वाटतं, ३०च्या जवळ त्रास सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४०च्या वर जातो, तेव्हा गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद बाल्कनीत ठेवलेला ससा दुपार काढू शकत नाही. घरातली सर्वांत थंड खोली, बहुधा खालच्या मजल्यावरची शहाबादी फरशीची, त्याला द्यावी. पिंजऱ्यावर ओला गोणपाट, जवळ पाण्याने भरून गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून, पंखा थेट अंगावर न घेता. तोंड उघडून धापा टाकू लागला, कान गरम-लाल झाले, मान टाकली, तर कानांना गार (बर्फाचं नव्हे) पाणी लावत डॉक्टरांकडे न्यायचं. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतायचं नाही.

उन्हाळा आहे म्हणून आंघोळ घालू या, असं बऱ्याच जणांना वाटतं. सशाला आंघोळ घालायची नाही, कधीच नाही. तो मांजरासारखा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. पाण्यात बुडवला की भीतीनेच त्याला धक्का बसू शकतो, आणि दाट केस लवकर वाळत नाहीत. मागचा भाग घाण झाला तर तेवढाच ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा, आणि तो घाण का झाला ते शोधा. पावसाळ्यात तर शेपटीखाली रोज बघायचं. ओल्या, मळलेल्या केसांवर माश्या अंडी घालतात, एका दिवसात अळ्या पडतात आणि त्या जिवंत सशाचं कातडं खातात. लिहायला नको वाटतं, पण माहीत असलेलं बरं.

जागा, उचलणं आणि सोबत

पिंजरा लागतो तो झोपायला, आयुष्य काढायला नाही. ब्रिटनमध्ये सशांसाठी काम करणारे लोक दोन सशांना ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद जागा सुचवतात. आपल्या वन बीएचकेत हे ऐकून हसू येईल. पण पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून दिवसाला तीन-चार तास एक खोली मोकळी देता येते. सकाळी लवकर आणि संध्याकाळी ससा जास्त चपळ असतो, दुपारी झोपतो. शाळा-ऑफिसच्या वेळा त्याला बरोबर जमतात. खोलीतल्या वायरी आधी उचला, मोबाईलचा चार्जर तो एका मिनिटात तोडतो. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असेल तर त्यावर फळी आणि गवत घाला, नाहीतर पायांना जखमा होतात. एका कोपऱ्यात पसरट टोपलं, त्यात वर्तमानपत्र आणि वर गवत ठेवलं तर बरेच ससे तिथेच लघवी करायला शिकतात.

कान धरून सशाला कधीही उचलू नका. जादूगाराच्या चित्रात असतो तो निव्वळ क्रूरपणा आहे. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली आणि अंग आपल्या पोटाशी. सशाच्या मागच्या पायांत जोर खूप आणि हाडं हलकी, म्हणून हवेत लटकत झटका मारला तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. दहा वर्षांखालच्या मुलांनी उचलूच नये, जमिनीवर बसावं आणि सशाला जवळ येऊ द्यावं. हे मुलांना पटतं, जर त्यांना कारण सांगितलं तर. बहुतेक सशांना उचललेलं आवडत नाही, कारण रानात त्याला उचलणारा म्हणजे खाणाराच.

आवडलं तर ससा ते दाखवतोही. हवेत उडी मारून अंग पिळतो, तो आनंद. हनुवटी वस्तूंना घासतो, म्हणजे 'हे माझं' अशी वासाची सही. मागचा पाय जमिनीवर आपटतो, तो धोक्याचा इशारा. कुशीवर धाडकन आडवा पडून झोपला तर घाबरू नका, त्याने तुमच्या घरावर विश्वास टाकलाय.

ससा एकटा राहिला की उदास होतो, त्यामुळे दोन असलेले चांगले. पण नर-मादी आणून मोकळे सोडले तर काय होतं याचं गणित करा. चार-सहा महिन्यांत वयात येतात, गर्भकाळ साधारण ३१ दिवस, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि व्यायल्याच्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते. शस्त्रक्रिया करून घेणं हाच उपाय. मादीच्या बाबतीत तर ते तिच्या जिवासाठीही गरजेचं आहे, कारण वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण त्यांच्यात खूप आहे. पिल्लं 'जंगलात सोडून देऊ' हा पर्याय नाही. पाळीव ससा तिथे दोन रात्री काढत नाही.

शाळेत ससा पाळावा का?

काही शाळांमध्ये हौसेने ससे आणतात. माझं स्पष्ट मत, आणू नयेत. शनिवार दुपार ते सोमवार, दिवाळीची सुट्टी, मे महिना, या काळात कोण बघणार? शिपाई मामांवर ढकलायचं का? शिवाय चाळीस मुलांचे चाळीस हात दिवसभर जाळीतून आत. ज्याच्या घरी ससा आहे त्याच्याकडून वर्गात नोंदवही, वजनाचा आलेख, फोटो मागवावेत. शिकायला तेवढं भरपूर आहे.

घरातही मुलाला काम जरूर द्या. गवत घालणं, पाणी बदलणं, लेंड्या झाडणं, नंतर साबणाने हात धुणं. पण रोज रात्री एका मोठ्या माणसाने बघितलं पाहिजे. आठ वर्षांच्या मुलावर एका जिवाची पूर्ण जबाबदारी टाकता येत नाही. परीक्षा आली, सर्दी झाली की ते विसरणारच.

डॉक्टर आधी शोधा

ससा आणण्याआधी हे काम करा. गाई-म्हशी किंवा कुत्री बघणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सशाचा अनुभव असतोच असं नाही. फोन करून सरळ विचारा, 'तुम्ही ससे बघता का? सशाची शस्त्रक्रिया केली आहे का?' मुंबईत परळ, साताऱ्याजवळ शिरवळ, तसंच नागपूर, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथेही चौकशी करता येते. कुत्र्याची औषधं सशाला स्वतःच्या मनाने देऊ नका. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवर वापरतात ते फिप्रोनिल सशाच्या जिवावर उठतं. अमॉक्सिसिलिनसारखी आपल्या घरातली अँटिबायोटिक गोळी पोटातून गेली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससाही जातो. नाकावर, कानाच्या कडेला पांढरट खपल्या धरल्या तर ती बहुधा खरूज असते. डॉक्टरच्या इंजेक्शनने ती बरी होते. खोबरेल तेल आणि हळद लावत पंधरा दिवस काढू नयेत.

डॉक्टरकडे नेताना टोपलीत त्याच्या रोजच्या गवताची मूठ आणि सकाळच्या लेंड्या कागदात बांधून न्या. पहिला प्रश्न बहुधा हाच येतो, 'खातोय का आणि शी कशी आहे?'